हे परत आलेत

३ मार्च, सोमवार

सकाळी साडेदहाला सामानाचा टेम्पो आला. दुपारी एकपर्यंत सगळं लागलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे फरशीचा ओटा आणि पुढे अंगण. नळाला पाणी चांगलं आहे, खिडक्या घट्ट लागतात. धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं की पोचले, घर आवडलं. तिला खरंच वाटेना. पाच महिन्यांत पहिल्यांदा तुझ्या तोंडून काहीतरी आवडल्याचं ऐकतेय, म्हणाली.

हे गेले त्याला उद्या पाच महिने होतील.

ह्यांची वेताची खुर्ची तेवढी कुठे मावेना. शेवटी मागच्या ओट्यावर, झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली ठेवली. टेम्पोवाला म्हणाला, बाई, बुडाला भोक पडलंय, मोडीत द्या की. मी म्हटलं, राहू दे.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, घराच्याच भिंतीला टेकून लाकडी खुराडं आहे. सहा कोंबड्या, पाच तपकिरी आणि एक पांढरी. घरमालकांची अट एवढीच की त्यांना दाणापाणी करायचं, अंडी माझी. जाता जाता म्हणाले, एखादी मेली तर दुसरी आणा, पण खुराडं रिकामं ठेवू नका. रिकाम्या खुराड्यातली कीड फार वाईट. मी बरं म्हटलं. संध्याकाळी कोंबड्या आपणहून आत गेल्या आणि दांडीवर ओळीने बसल्या. बघायला बरं वाटलं.

५ मार्च, बुधवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस. रक्त तपासायची लॅब छोटी आहे पण स्वच्छ. डॉक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी सव्वीस वर्षं हेच काम केलंय म्हटल्यावर म्हणाले, मग मीच तुम्हाला मॅडम म्हणतो. नवीन माणसाचं रक्त आधी तपासायचं असा त्यांचा नियम. हिमोग्लोबिन १२.४, गट ओ. ह्यांचा एबी होता. लग्न ठरलं तेव्हा मीच तपासला होता. रिपोर्ट हातात दिला तर ह्यांनी विचारलं होतं, पास की नापास?

आज तीन अंडी मिळाली.

९ मार्च, रविवार

पांढरी कोंबडी तीन दिवस अंड्यांच्या खोक्यातून उठत नाही. खाली अंडं नाही, तरी बसून आहे. हात घातला की पिसं फुलवते आणि टोचते. शेजारी एक शिंपीण राहते, पन्नाशीची, एकटीच, बोलकी. कुंपणावरून बघून म्हणाली, ताई, ती खुडूक झालीय. पोटाखाली दगड ठेवा, दगड उबवील. तुम्हीही आल्यापासून तशाच बसून असता, दोघींची गट्टी जमेल. मला राग आला नाही. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं.

पण मग तिने नीट पाहिलं. सगळ्यांचे तुरे फिकट पडलेत, म्हणाली. आणि अंड्यांवर हे तांबडे ठिपके कसले? मला वाटलं होतं घाण असेल. संध्याकाळी कोंबड्या आत जाईनात. दारापर्यंत जायच्या आणि माघारी फिरायच्या. शेवटी एकेकीला उचलून आत ठेवलं. अंधार पडल्यावर शिंपिणीने सांगितल्याप्रमाणे दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवलं. उजेडात आणलं तर त्यावर रक्ताचे फराटे.

म्हणाली, हे तांबडे किडे. दिवसा फटीत झोपतात, अंधारात बाहेर येऊन रक्त पितात. भुकेलेले राखाडी, भरले की लाल. तुमच्या कोंबड्या रोज रात्री रक्तदान करतायत हो.

१० मार्च, सोमवार

एक किडा कागदाच्या पुडीत घालून लॅबमध्ये नेला. काचपट्टीवर चिरडून मायक्रोस्कोपखाली पाहिला. कोंबडीच्या रक्ताच्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि मधोमध एक काळा ठिपका असतो. माणसाच्या गोल असतात, ठिपका नसतो. शिकताना एकदा पाहिलं होतं, आता पुन्हा पाहिलं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पेशंटचं नाव काय लिहू, मॅडम?

१६ मार्च, रविवार

आज दिवसभर खुराडं साफ केलं. सगळं लिहून ठेवते, पुन्हा लागेल.

सहाही कोंबड्या आठ दिवसांसाठी शिंपिणीकडे ठेवल्या. तिच्याकडे जुनं पत्र्याचं खुराडं आहे. पांढरी सुटेना, तिला खोक्यासकट उचलावं लागलं. आतलं सगळं गवत अंगणात जाळलं. दांड्या काढल्या. त्यांच्या टोकांना, जिथे त्या खाचेत बसतात, तिथे राख साठल्यासारखं दिसत होतं. फुंकर मारली तर राख चालायला लागली. फटी जुन्या सुरीने खरवडल्या, चार पातेली उकळतं पाणी ओतलं, मग साबणाचं पाणी, मग सांध्यांत रॉकेल. वाळल्यावर आतून बाहेरून चुना लावला. अंडी फुटून नवे किडे निघतात म्हणून आठ दिवसांनी हेच परत करायचं.

घरमालकांचं बोलणं आठवलं होतं. पण आठ दिवसांचाच प्रश्न. खायला मिळालं नाही तर मरतील, सरळ आहे.

कंबर धरली आहे. पण पाच महिन्यांत आज पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलं असं वाटलं.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडून शिंपिणीने मोठ्याने विचारलं, काय ताई, हे गेले का?

मी ओला टॉवेल हातात धरून उभी राहिले. मग तिच्या लक्षात आलं. तिने जीभ चावली, तोंडावर हात ठेवला, म्हणाली, अहो किड्यांचं विचारतेय मी, माझ्या जिभेला काही हाड! मला हसू आलं. खूप हसले. मग घरात येऊन दार लावलं आणि रडले. ह्यांच्या मागे अशी रडले नव्हते.

त्या दिवशीचं अजून कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते. ह्यांना सकाळी अस्वस्थ वाटत होतं. मी म्हटलं, जरा टेका, मी औषध घेऊन येते. औषधाचं दुकान कोपऱ्यावर. वीस मिनिटं लागली, कारण पुढे रांग होती आणि मी रांग मोडली नाही. परत आले तेव्हा हे खुर्चीतच होते. डावा खांदा खाली, नेहमी बसायचे तसेच.

२० मार्च, गुरुवार

हातावर बारीक लाल पुरळ आहे. खाजतं.

खुराड्यापासून खिडकीपर्यंत भिंतीवर राखेची रेघ दिसली. बोट लावलं तर रेघ फुटून बाजूला झाली. बहिणीला घाईत मेसेज केला, हे परत आलेत, ह्या वेळी घरात आलेत. दोन मिनिटांत तिचा फोन. रडत होती. ताई, तू एकटी राहू नकोस, मी येते, डॉक्टरांना दाखवू, असं एका दमात बोलत होती. मला आधी कळेना. मग किड्यांचं सांगितलं. ती हसली, मग चिडली. म्हणाली, यापुढे पूर्ण वाक्य लिहीत जा, माझा जीव गेला असता.

रेघेवर उकळतं पाणी ओतलं.

२२ मार्च, शनिवार

पहाटे जाग आली. उजाडत होतं. खिडकीतून ओट्यावर पाहिलं तर खुर्चीच्या बुडाचं भोक दिसेना. कुणी विणून बुजवावं तसं सपाट दिसत होतं.

जवळ गेले. किडे होते. हजारो, एकाला एक चिकटून. उजेडात. हे दिवसा बाहेर येत नाहीत, असं शिंपीण म्हणाली होती. राखाडी नव्हते, लाल होते.

पाठीच्या विणीवरही होते, दोन ठिकाणी, जिथे खांदे टेकतात. डावीकडचा डाग उजव्यापेक्षा चार बोटं खाली.

रॉकेलच्या फडक्याने पुसून काढलं. फडकं भिजलं. माझ्या कोपरापर्यंत रक्त आलं. कोंबड्या तिकडे आहेत, मग हे काय पितायत?

२४ मार्च, सोमवार

सावकाश लिहिते, काही सुटू नये म्हणून.

सकाळी खुर्चीवरचे तीस-चाळीस किडे बाटलीत घेऊन लॅबला गेले. चिरडून पाहिले. पेशी गोल. मधे ठिपका नाही. माणसाचं रक्त. म्हणजे माझं, हातावरचं पुरळ त्याचंच. माझं हिमोग्लोबिन पाहिलं, ९.८ निघालं. तीन आठवड्यांपूर्वी १२.४ होतं.

तिथेच थांबायला हवं होतं. सवयीने गटही तपासला. माझा ओ आहे. गट ओळखायची दोन औषधं असतात; ओ रक्तात त्यांपैकी कुठलंही घातलं तरी गुठळ्या होत नाहीत. सव्वीस वर्षं बघतेय.

दोन्हीकडे गुठळ्या झाल्या.

एबी.

परत केलं. तिसऱ्यांदा नवीन पट्टी, नवीन औषध. एबी. आज लॅबमध्ये एबीचा एकही पेशंट नव्हता, वही पाहिली. डॉक्टरांनी विचारलं, मॅडम, बरं नाही का? मी पट्ट्या धुऊन टाकल्या.

संध्याकाळी कोंबड्या परत आणल्या. पाच जणी खुराड्याच्या दारात उभ्या राहून ओरडल्या आणि कुंपणावर चढल्या. खाली येईनात. पांढरी एकटीच आत गेली आणि बसली.

२५ मार्च, मंगळवार

पांढरी मेली. उचलली तर कागदासारखी हलकी. तुरा पांढरा. बसल्या जागी मेली, उठण्याचा प्रयत्नही केलेला नाही. पिसं नीट, पंख मिटलेले. अंगणात पुरली. बाकीच्या शिंपिणीकडे पोचवल्या.

तिने मला खाली बसवलं. सांगणार नव्हते, म्हणाली, पण तुमचा चेहरा बघवत नाही. ह्या घरात आधी घरमालकांची बहीण राहायची. तिची लहान मुलगी तापाने गेली होती. मग कोंबड्यांत रोग आला, सगळ्या मेल्या, खुराडं रिकामं पडलं. महिन्याभरात बाई हसायला लागली. गाणी म्हणायची, कुणाची तरी वेणी घातल्यासारखे हात हलवायची. दिवसेंदिवस खूश आणि दिवसेंदिवस पांढरी. मी विचारलं तर म्हणाली, पोर आलीय. एका सकाळी मागच्या ओट्यावर बसलेली सापडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही.

आजची रात्र माझ्याकडे झोपा, म्हणाली. काही ऐकणार नाही मी.

२६ मार्च, बुधवार

तिच्याकडे झोपले. सकाळी तिच्या भिंतीवर राखेची रेघ. कुंपणावरून आली होती. सरळ माझ्या गादीकडे. शिंपिणीच्या मनगटावर पुरळ. तिने हात पदराखाली घेतला, मला दिसू नये म्हणून.

मी घरी परत आले. तिला म्हटलं, काही झालं तरी मला शोधायला येऊ नका.

खुर्चीत आता मांड्या आहेत.

२७ मार्च, गुरुवार

कामाला गेले नाही. जिना चढल्यासारखा दम लागतो, नुसतं उठलं तरी. नखं पांढरी.

रॉकेलचा डबा आणि काड्यापेटी घेऊन ओट्यावर गेले. जाळायचंच. खुर्चीच्या हातावर हात होता. लाल, ओला, कडा हलणाऱ्या. करंगळी वाकडी. ह्यांची करंगळी लहानपणी दारात सापडली होती. हे कुणाला माहीत असणार?

बोट उचललं गेलं. खाली आलं. पुन्हा. तीनदा. चहाला उशीर झाला की हे असंच करायचे. आवाज नाही. वाळू सांडल्यासारखा, एवढाच.

मी आत जाऊन चहा ठेवला.

दोन कप. दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले.

२८ मार्च, शुक्रवार

बहिणीचा फोन. रविवारी अकराला गाडी घेऊन येते म्हणाली. मी नको म्हटलं. सगळं ठीक आहे म्हटलं. तिने विचारलं, हे गेले का?

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, ताई, कोणते?

फोन ठेवला. कोणते ते आता इथेही लिहीत नाही.

तिने यायच्या आत संपवायला हवं. रेघ तिच्या गाडीत चढेल. तिच्या घरात पोरं आहेत.

खुर्ची आत आहे. बिछान्याशेजारी. मीच आणली असणार, हातांना वेताचे वळ आहेत. आठवत नाही. जड होती एवढं आठवतं. रिकामी खुर्ची एवढी जड नसते.

२९ मार्च, शनिवार

हे ते नाहीत. मला माहीत आहे. एबी म्हणजे काही नाही. माझंच रक्त. माझंच घेऊन—

चेहरा आहे. डोळे नाहीत. डोळ्यांच्या जागी हलतं.

हिमोग्लोबिन किती असेल. सहा? पाच? बोट टोचलं तर थेंब पाण्यासारखा आला. खुर्चीतलं डोकं वळलं. थेंबाकडे.

मी ओरडले. आवाज फुटला नाही.

तीनदा. थांबतात. तीनदा.

दुपारी काडी ओढली. विझली. दुसरी. हात— काडी विझवणारा हात माझाच होता.

३० मार्च, रविवार

दहा वाजून पस्तीस.

रॉकेल ओतलं. सगळ्या खुर्चीवर, खाली फरशीवर, पडद्यावर. किडे मरत नाहीत, वासाला हटत नाहीत. पण आग लागली की— लाकूड जळतं, वेत जळतो. बॅग दारात ठेवली आहे. काडी ओढायची आणि बाहेर पडायचं. दार उघडं ठेवलंय. एवढंच करायचं आहे.

बहिणीचा मेसेज, वीस मिनिटांत पोचते.

वीस मिनिटं.

खुर्चीतले हे सरकले. दोन्ही बाजूंनी. अंग उघडं केल्यासारखं, मधोमध जागा झाली. एका माणसापुरती. विणीपर्यंत स्वच्छ. बुडाच्या भोकावर तेवढे राहिले, विणल्यासारखे, पडू नये म्हणून.

हात खुर्चीच्या हातावरून उठला. जागेवर टेकला. इथे, असं.

नाही. काड्यापेटी माझ्याच हातात आहे.

भीती वाटते. फार भीती वाटते. उभं राहवत नाही. पायांत काही उरलेलं नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी पडले तर काडी ओढायची कुणी. ती यायला अजून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. दम आला की लगेच.

ह्यांना मीच म्हटलं होतं.

जरा टेकते, मग—